गाठीवरचा तापस

माझ्या लग्नात धनीरामभाऊंनी मंगळसूत्र दोनदा बांधायला लावलं. पहिल्यांदा म्हणे नवऱ्याचं कोपर मध्ये आलं. "थांब गा, परत एकदा बांध," ते म्हणाले, आणि एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारे आमचे भटजीसुद्धा मुकाट थांबले. कोंढ्यात आणि आजूबाजूच्या गावांत तीसेक वर्षं हे असंच चाललं. हार परत, अक्षता परत, नवरीची पाठवणीसुद्धा परत. "जराशी अजून रड वो माय, इकडे पाहून," असं एका नवरीला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती बिचारी रडलीही.

लोक त्यांना मागून 'परतएकदा' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून आहे. मध्ये विटेची एकेरी भिंत. मशीन थांबवलं की तिकडचं सगळं ऐकू येतं, आणि मी मशीन वरचेवर थांबवते. त्यामुळे धनीरामभाऊंचं आयुष्य मला जरा जास्तच ठाऊक आहे. घरची धानाची शेती, तलावाच्या पाण्यावरच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं. पण यांचं मन चिखलात रमलं नाही. पवनीच्या एका फोटोवाल्याकडे झाडलोट करता करता शिकले आणि गावात येऊन दुकान टाकलं. मुलगी झाली तेव्हा पाटी रंगवली, 'गुंजन फोटो स्टुडिओ'. शेती तेव्हापासून कौशल्यावहिनीच सांभाळते, आणि नवऱ्यालाही.

मोबाइल आले तसा धंदा बसत गेला. आता येतात ते पासपोर्ट फोटोवाले, नाहीतर घरातलं कोणी गेलं म्हणून त्याचा फोटो मोठा करून मागणारे. एका दुपारी ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सत्यभामा, इतके फोटो काढलो मी, पन सगळे लोकाइच्या घरी. हा माया म्हनाव, असा एक फोटो नाही माया भिंतीवर."

मी म्हटलं, "वहिनीचा लावा ना."

"तिचा काढलो होतो. तिनं डोळे मिटले."

"मग परत एकदा काढायचा."

ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हे बोलणं गमतीचं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात एक नवरदेव लग्नाआधीच्या, प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी आला. लग्न दिवाळीनंतरचं, पण त्याला मागे हिरवंगार पाहिजे होतं. धनीरामभाऊंनी त्या दोघांना गॉगल लावून गावच्या तलावाच्या पाळीवर उभं केलं, चालायला लावलं, परत चालायला लावलं. दुकानात येऊन फोटोतला विजेचा खांब पुसायला म्हणून त्यांनी चित्र मोठं केलं, तर मागच्या गवतात काहीतरी काळं दिसलं. मानेवर पिवळा पट्टा, भाल्यासारखी चोच. त्यांनी तेवढाच तुकडा गुंजनला पाठवला. ती भंडाऱ्याला कॉलेजात शिकते, रविवारी पाखरं बघणाऱ्या पोरापोरींबरोबर फिरते. तिचा लगेच फोन आला. मी मशीन थांबवलं.

"बाबा, हा काळा तापस हाये! बगळ्याच्याच जातीतला. आपल्या इकडे लय कमी दिसते. कुठं भेटला तुमाले?"

"नवरदेवाच्या मागं."

"शिकार करताना फोटो भेटला ना त पाहा. आमच्या ग्रुपमधे कोनापाशीच नाही."

दुसऱ्या दिवसापासून धनीरामभाऊ उजाडायच्या आत तलावावर. आमच्याकडे बेशरमाची झुडपं म्हणतात ती पाण्याच्या कडेला माजलेली असतात, त्यांच्या आडोशाला एक पत्र्याचा डबा उलटा टाकून बसायचे. लग्नातल्या कॅमेऱ्याला लांबचं दिसत नाही, म्हणून जवळच बसणं भाग होतं. येताना पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि तोंड उतरलेलं. फोटो मात्र ढीगभर. मला बोलावून दाखवायचे. प्रत्येक फोटोत तो पक्षी चोच आभाळाकडे करून, अंग आकसून, काठीसारखा उभा.

"पोज पाहा कसा देते," ते कौतुकानं म्हणाले. "पन शिकार काही करत नाही. मी म्हनतो, थांब, आता चोच खाली घाल. त घालतच नाही."

गुंजननं ते फोटो पाहिले आणि फोन केला. म्हणाली, "बाबा, तो पोज नाही देऊन राहिला. भिऊन राहिला. तुमी दिसले की तो असा गवतासारखा उभा राहते, दिसू नये म्हनून. तुमी तिथं नाही असं वाटन, तेव्हाच तो शिकार करन."

त्या रात्री घरी गेल्यावर मी ट्रंकेतून माझा लग्नाचा अल्बम काढला. पानापानावर मी ताठ. मान वर, हात अंगाला चिकटलेले, ओठ मिटलेले. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की फोटोत मी छान आले आहे. त्या अल्बमात मी घाबरलेली होते, आणि ज्याच्याशी लग्न लागत होतं तोही. मला धनीरामभाऊंचा राग आला नाही. वाईट मात्र वाटलं, त्यांचंही आणि माझंही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "सत्यभामा, म्हंजे जिंदगीभर मी भ्यालेल्या लोकाइचे फोटो काढलो का?" मी त्यांना चहा दिला.

यानंतर त्यांनी त्या फोटोचं खूळच घेतलं. मला वाटतं, तो आता नुसता भिंतीवर लावायचा फोटो राहिला नव्हता. एकदा तरी, आपण तिथं नाही असं समजून कोणी आपलं जगणं जगत असताना त्यांना ते टिपायचं होतं.

आता देवधानाचं सांगायला हवं. आमच्या तलावात ते आपोआप उगवतं; कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही. ऋषिपंचमीच्या उपासाला नांगरलेल्या शेतातलं चालत नाही, तेव्हा बायका या धानाचा भात खातात. पण हे धान मोठं उनाड. पिकलं की जरा वारा लागला तरी झडून पाण्यात पडतं. म्हणून लोंब्या निघाल्या की बायका तलावात उतरतात, मूठ मूठ ताटं एकत्र पिळून त्यांची गाठ मारतात आणि वर चिंधी बांधतात. मग दाणा गाठीत अडकून राहतो. पोळा झाला की खाली टोपली धरून एकेक गाठ सोडायची. गाठ जिची, धान तिचं. चिंधीवरून कोणाची गाठ ते कळतं, आणि दुसरी बाई तिला बोट लावत नाही. आमच्या गावात शेताच्या धुऱ्यावरून भांडणं होतात, नळावरून होतात. देवधानाच्या गाठीवरून झालेलं भांडण मी ऐकलेलं नाही.

बेशरमाकडचा कोपरा गोदावरीमावशीचा. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण मी या गावात नांदायला आले तेव्हापासून तिथं तिच्याच जुन्या लुगड्याच्या पांढऱ्या चिंध्या. म्हातारी एकटी राहते. बाजारात देवधान विकत मिळतं, पण ती घेत नाही. स्वतःच्या हाताच्या गाठीचाच भात खाणार, हा तिचा हट्ट. त्या श्रावणात तिला ताप आला आणि गुडघे धरले. गाठी मारायचे दिवस ती खाटेवर होती. तिचा कोपरा तसाच मोकळा राहिला, आणि तो काळा तापस नेमका तिथंच शिकारीला येत होता.

धनीरामभाऊंनी काय विचार केला तो मला नंतर कळला. मोकळा कोपरा पाहिला की दुसरी कोणी बाई गाठी मारायला शिरणार. चार बाया पाण्यात कालवाकालव करणार, आणि पाखरू उडून जाणार. गाठी दिसल्या तर मात्र कोणी तिकडे फिरकणार नाही. म्हणजे गाठी मारल्या की झालं. त्यांच्या आईनं लहानपणी त्यांना सोबत नेलेलं, त्यामुळे गाठ कशी मारतात ते येत होतं.

एका सकाळी ते माझ्याकडे आले. "चार चिंध्या दे वो." मला वाटलं, कॅमेरा पुसायला हव्यात. कौशल्यावहिनीचं पोपटी ब्लाउज नुकतंच शिवून झालं होतं, त्याची कातरण मी त्यांच्या हातात दिली. त्यांच्याच घरचा कपडा, म्हटलं, त्यांच्याच घरी जाऊ दे.

पोळ्याच्या आधी गोदावरीमावशी काठी टेकत तलावावर गेली. पदरात पांढऱ्या चिंध्या होत्या, हे तिच्या शेजारच्या आनंदाबाईनं पाहिलं. मावशी पाळीवर उभी राहिली, कोपऱ्याकडे बघितलं आणि तशीच मागे फिरली. कोपरा पोपटी चिंध्यांनी भरला होता, आणि तसं ब्लाउज गावात कोणाचं आहे हे साऱ्या बायांना ठाऊक होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कौशल्यावहिनी तडक माझ्या दुकानात आली. चक्कीवर आनंदाबाईनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "एवढं धान कोनाले चारतं वो कौशल्या? म्हातारीचा कोपरा बी घेतला तू?"

"सत्यभामा, मी त पाळीजवळच बांधली दरवर्षीवानी. तिकडे गेलीच नाही. मायी चिंधी तिथं गेली कशी?"

मी भिंतीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. मग ती उठून पलीकडे गेली. मशीन बंदच होतं.

"तलावात तुमी गाठी मारल्या?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "मारलो. पाखरासाठी. धान नको मले."

"तुमाले नको, त गोदावरीकाकीनं पंचमीले काय खावाव?"

"आपल्यातलं देऊ ना."

"घेते का काकी? नाही म्हनली. उपास पान्यावर करतो म्हने. तापातून उठलेली बाई, या वयात!" वहिनीचा आवाज चढला. "अन् माया नावावर मारल्या तुमी. मले विचारला बी नाही."

"उद्याचा एक दिवस दे मले, कौशल्या. फोटो होवो का न होवो, उद्या सोडतो गाठी."

वहिनी बाहेर येऊन मला म्हणाली, "उद्या माया संगं येजो." माझा त्या दिवशीचा सगळा राग धनीरामभाऊंवर होता. पाखराला भीती वाटू नये म्हणून इतकी काळजी, आणि बाईमाणसाला विचारायचं साधं सुचलं नाही!

सकाळी आम्ही दोघी पाळीवर पोचलो तेव्हा ते झुडपांच्या पार आत, अंगावर फांद्या ओढून बसलेले होते, कॅमेरा डोळ्याला. वहिनी हाक मारणार तेवढ्यात मी तिचा हात धरला. तापस आला होता. पाण्यावर एक चिंधीची गाठ होती, तिच्यावर तो बसला होता. ताटं एकत्र पिळल्यामुळे त्याला तिथं चांगला भक्कम माचा मिळाला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. पावसात भिजलेल्या कोळशासारखा काळा, गळ्यावर पिवळं. आज तो ताठ उभा नव्हता. अंग गाठीशी चपटं करून, मान खांद्यात ओढून तो पाण्याकडे बघत होता. मग मान पुढे सरकू लागली. सरकतेय हे दिसत नव्हतं, पण मघापेक्षा लांब झाली होती. सुईत दोरा ओवताना मी श्वास धरते, तसा मी तेव्हा धरला होता.

चोच पाण्यात कधी गेली ते कळलंच नाही. वर आली तेव्हा तिच्यात आडवी मासोळी चमकत होती. त्यानं ती हवेत थोडी उडवून डोक्याकडून धरली, गिळली, आणि गळ्यातून तो फुगवटा खाली उतरताना आम्हाला स्पष्ट दिसला. झुडपातून कॅमेऱ्याचा कटकट आवाज येत होता. मी शेजारी पाहिलं तर वहिनीच्या चेहऱ्यावर, इतकी चिडलेली असून, हसू होतं. खरंच फार सुंदर होतं ते. हे मला नाकारता येत नाही.

धनीरामभाऊ उभे राहिले तसा पक्षी उडाला. ते तिकडे बघतही बसले नाहीत. कॅमेरा डब्यावर ठेवला आणि कपड्यांनिशी पाण्यात उतरले. दिलेला शब्द पाळायची त्यांना घाई झाली होती. एक चिंधी ओढली, दुसरी ओढली, भराभर गाठी सोडत चालले. काय होतंय ते आधी आम्हाला उमगलंच नाही. मग वहिनी किंचाळली, "अवो, टोपली! खाली टोपली नाही!"

ते थांबले तोवर एकच गाठ उरली होती. बाकी ताटं सुटी होऊन वाऱ्यावर डोलत होती, आणि कितीतरी दिवस गाठीत अडकून पिकलेला दाणा पाण्यात झडून गेला होता. पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उमटत होती. मासोळ्या वर येऊन गेल्या. धनीरामभाऊ कमरेइतक्या पाण्यात उभे, हातात पोपटी चिंध्यांचा पुंजका. लहानपणी आईच्या हातानं टोपलीवरच गाठ सुटताना पाहिली होती, एवढं त्यांना आठवायला हवं होतं. आठवलं नाही. चांगलं करायला निघालेला माणूस इतका हताश झालेला मी कधी पाहिला नव्हता.

गोदावरीमावशीला वहिनीनंच जाऊन आणलं. म्हातारीनं रिकाम्या लोंब्या पाहिल्या. वहिनी रडत रडत म्हणाली, "काकी, कोपरा तुया हाये. टोपली तू धर." मावशीनं काठी पाळीवर ठेवली. मग लुगडं खोचून, माझ्या खांद्याचा आधार घेत पाण्यात उतरली आणि त्या एका गाठीखाली टोपली धरली. धनीरामभाऊंनी गाठ सोडली. टोपलीत मूठभर धान पडलं. मावशी टोपली घेऊन घरी गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्यानंतर त्यांनी स्टुडिओ उघडला तो फक्त एका कामासाठी. गुंजन फोनवर नाचत होती. "बाबा, एक नंबर! फक्त खालची चिंधी काढून टाका, जंगलातला वाटत नाही फोटो. तुमाले त एका मिनटाचं काम." पक्ष्याच्या पायाखाली पोपटी चिंधी अगदी लखलखीत आली होती. मी तेव्हा त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी माउस चिंधीपाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि हात काढून घेतला. फोटो आहे तसाच छापला.

पंचमीला वहिनी आणि मी गोदावरीमावशीकडे होतो. मावशीनं बोलावलं नव्हतं. वहिनीच गेली, कारण न जाणं तिला जमेना. पूजा झाली. चुलीवर त्या मूठभर धानाचा भात शिजला होता, लालसर, जेमतेम दोन घास. तेवढ्यात दारात धनीरामभाऊ. आत यायची हिंमत होईना म्हणून उंबऱ्यातच उभे.

"काकी, ज्याच्यासाठी केलो, ते दाखवाले आनलो."

मावशीनं फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "हे पाखरू?"

"हो."

"अन् चोचीत?"

"मासोळी, काकी."

तिचं बोट फोटोवरून खाली सरकत चिंधीपाशी येऊन थांबलं.

"म्हंजे माया कोपऱ्यात त्याचं तरी पोट भरलं," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून, "धनीराम, मले सांगतला असता त मी स्वतः बांधू दिली असती रे तुले. पाखराले नाही म्हनली असती का मी?"

धनीरामभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"कुठं लावशीन?"

"नाही लावत काकी. लावाची लाज वाटते."

"लाव. चिंधीसगट लाव."

तिनं फोटो त्यांच्या हातात परत दिला आणि पान वाढायला घेतलं. भात आपल्या पानावर काढला. वहिनी पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून बसली होती. मावशीनं त्या एवढ्याशा भाताचे बोटानं दोन भाग केले, दुसरं पान ओढलं, त्यातला एक भाग त्यावर ठेवला आणि वहिनीपुढे सरकवला.

"खा," ती म्हणाली. "गाठ तुयी होती."